लगद्यातले वैविध्य

केळीचा खुंट, उसाचे चिपाड, नदीतली जलपर्णी यांचा लगदा करायचा, त्याचा कागद उचलायचा, ओल्या कागदात एखादे पान दाबायचे आणि त्याला जैवविविधतेचे दर्शन म्हणायचे, ही कला आता प्रदर्शनांतून रुळली आहे. हे कागद देखणे असतात, ते मी नाकारीत नाही. पण भोसरीत राहून त्यांच्याकडे पाहताना माझे समाधान होत नाही.

भोसरीच्या एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला इंद्रायणी. दोन्ही नद्यांत जलपर्णी माजते. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. मैलापाण्यातल्या नत्र-स्फुरदावर ती पोसते, पाण्याचा उजेड आणि प्राणवायू तोडते; खालचे मासे, पाणवनस्पती गुदमरतात. म्हणजे जिने वैविध्य मारले, तिच्याच कागदावर वैविध्याचा जयजयकार! शिवाय ओल्या जलपर्णीत शेकडा नव्वदांहून अधिक पाणीच असते. ढीगभर उपसावी तेव्हा थोडासा तंतू हाती लागतो. हा उपसा मैलापाण्यात उतरून कोण करतो, ते चित्राखालच्या चिठ्ठीवर नसते. वनस्पतीचे लॅटिन नाव मात्र असते.

हातकागद आपल्याकडे नवा नाही. जुन्नरचे कागदी हे मुसलमान कारागीर. पुण्यात 1940 साली हातकागद संस्था उभी राहिली, तिने सुती चिंध्यांपासून कागद केला. त्या जुन्या कागदावर लिहिणाऱ्यांची नावे इतिहासात राहिली, कागद करणाऱ्यांची गेली.

तंतूची गोष्ट तर याहून कडू आहे. अंबाडी किती दिवस कुजवायची, घायपाताचा वाख कसा काढायचा, केरसुणीला शिंदीचे कोणते पान घ्यायचे, ही विद्या मातंग बायाबाप्यांच्या बोटांत होती. दावे, कासरा, शिंके, चऱ्हाट. सारा गावगाडा या वळलेल्या तंतूवर चालला. गावाने त्याला कला म्हटले नाही. बलुते म्हटले, आणि वळणाऱ्याला वेशीबाहेर ठेवले. ते काम पुन्हा गळ्यात बांधून घ्या, असे मी म्हणत नाही. त्या सक्तीतून सुटून जे कारखान्यात गेले, शाळेत गेले, त्यांनी योग्यच केले. पण तोच तंतू दुसऱ्याच्या हातात गेला की त्याला कलेचा दर्जा कसा मिळतो, हे आपल्या समीक्षेने विचारले पाहिजे.

लगद्याला बोलता येत नाही असे नाही. सोमनाथ होर यांनी 1970 च्या दशकात ‘जखमा’ ही मालिका कागदाच्या लगद्यातूनच केली. पांढऱ्यावर पांढरे. पान नाही, फूल नाही. कागदाच्या अंगावरच चिरा आणि व्रण. 1943 चा बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेल्या या चित्रकाराने लगद्याची सजावट होऊ दिली नाही. आपल्या प्रदर्शनांतला कागद या कसोटीला लावून पाहावा. बहुतेक ठिकाणी तो भेटकार्डाच्या पुढे जात नाही.

आपल्या विद्यार्थ्यांनी हा कागद जरूर करावा. लगदा शिजवलेले कॉस्टिक सोड्याचे पाणी परत नदीत सोडू नये, ही पहिली अट. आणि चिठ्ठीवर वनस्पतीच्या नावाशेजारी ती कोणत्या घाटावरून आली, कोणी उपसली, उपसणाऱ्याला रोज किती मिळाला, हेही लिहावे. जागा पुरत नसेल तर पान थोडे लहान दाबावे.