सोवळी शिकवण, निरोगी शिकवण

खुलताबादेत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा रस्त्याच्या एका बाजूला आहे आणि झैनुद्दीन शिराझी यांचा समोरच्या बाजूला. बुऱ्हानुद्दीन १३३७ साली वारले. समा, म्हणजे ईश्वराच्या ओढीने गायले-ऐकले जाणारे संगीत, हा त्यांच्या साधनेचा मोठा भाग होता. झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. दरबारातले गाणे बंद करणारा बादशहा तो हाच. गाण्याने देव जवळ येतो असे मानणारा आणि गाण्याबद्दल धास्ती बाळगणारा, या दोघांमध्ये जेमतेम एक रस्ता आहे. आणि धास्ती बाळगणाऱ्याने अखेरच्या विसाव्यासाठी जागा मागितली तीही एका सूफीच्या पायाशी.

श्रद्धा शुद्ध राखायची तर भोवतालच्या संस्कृतीला किती आत येऊ द्यायचे, हा प्रश्न एका धर्माचा नाही. मराठी ख्रिस्ती मंडळीत तो चारशे वर्षे चर्चेत आहे. 'जग मंडळीत शिरले आहे' ही तक्रार आजही उपदेशात ऐकू येते, आणि ती खोटी नाही. अडचण एवढीच, की 'जग' म्हणजे नेमके काय, हे दर पिढीत आपल्याला सोयीचे पडेल तसे ठरवले जाते. मराठी ख्रिस्ती साहित्यातली थोडी महत्त्वाची पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचली, तर ही सोय उघडी पडते.

त्याआधी एक शब्द पाहू. पौलाच्या नावाने तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेल्या पत्रांत मंडळीने जपायच्या गोष्टीला मराठी बायबलमध्ये 'सुशिक्षण' म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे निरोगी, धडधाकट शिकवण. आपल्या तोंडी रुळलेला 'हायजीन' हा शब्द त्याच कुळातला. मराठी कानाला मात्र शुद्ध शिकवण म्हटले की आधी आठवते ते सोवळे. या दोहोंत मोठा फरक आहे. सोवळे स्पर्शाने मोडते, म्हणून त्याला अंतर राखावे लागते. निरोगी शरीर बाहेरचे अन्न खाते, पचवते, त्याचे रक्त करते, नको ते टाकून देते. मराठी मंडळीच्या वादांत पुष्कळदा रक्षण झाले ते सोवळ्याचे, आणि नाव दिले गेले सुशिक्षणाचे.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग: पहिल्यात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. स्वर्गाला ते सरळ वैकुंठ म्हणतात. आजच्या कट्टर वाचकाला हे पाहून घाम फुटेल. पण हा शब्द ओव्यांमध्ये कोणते काम करतो ते पाहावे. या वैकुंठात विष्णू नाही, पुण्य संपल्यावर परतणे नाही. तिथे पोचायची वाट क्रूसावरून जाते. शब्द ओळखीचा, कथा अनोळखी, आणि हळूहळू कथाच शब्दाचा अर्थ बदलून टाकते. त्रैक्य, क्रूस, पुनरुत्थान या ठिकाणी स्टीफन्स तसूभरही हलत नाहीत आणि जुन्या देवांना जागाही ठेवत नाहीत. सिद्धान्ताच्या बाजूने हे पुस्तक धडधाकट आहे.

तरी त्याच्या भोवती एक रोग होता, तो ओव्यांतला नव्हे. पुराणाच्या आरंभी साष्टीचा एक ब्राह्मण विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काय? प्रश्न साधा आहे, पण त्यामागे पाडलेली देवळे आणि इन्क्विझिशनचा धाक आहे. पोर्तुगीज सत्तेचा हात धरून मंडळी गोव्यात वाढली. मंडळीत शिरलेल्या 'जगा'चे याहून ठळक उदाहरण मिळणार नाही, पण ओवीवर जशी शंका घेतली जाते तशी त्या सत्तेवर क्वचितच घेतली गेली. उलट १६८४ मध्ये सत्तेने लोकांच्या भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. ओवी धोकादायक आणि राजसत्ता निरुपद्रवी, असा तो हिशेब होता.

दुसरे टोक पंडिता रमाबाईंचे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि लवकरच त्यांच्या अँग्लिकन गुरुभगिनींशी त्यांचे खटके उडू लागले. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आला. मंडळी आणि संस्कृती या विषयावर इतके जिवंत मराठी माणसाचे दस्तऐवज थोडे आहेत. त्यात दोन भांडणे एकमेकांत गुंतली आहेत. एक सिद्धान्ताचे: त्रैक्य मला पटवून द्या, अथनासियसचा मतांगीकार मी केवळ सांगितला म्हणून उच्चारणार नाही. दुसरे संस्कृतीचे: मी शाकाहारीच राहणार, आणि क्रूसावरची अक्षरे मला न येणाऱ्या लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत? सिस्टरांना या साऱ्यामागे एकच गोष्ट दिसली, अहंकार. अंडे नाकारणे आणि त्रैक्याबद्दल शंका घेणे हे त्यांच्या लेखी एकाच रोगाचे लक्षण ठरले.

इथे टीकाकाराने दोन्ही बाजू नीट तोलायला हव्यात. त्रैक्याचा प्रश्न खरोखर गाभ्याचा होता आणि तिथे गुरूने काळजी करणे रास्तच. लॅटिन मात्र गाभ्याचे नव्हते. ती युरोपची सवय होती. सवयीला सिद्धान्ताचा दर्जा दिला, की शिष्य सवय नाकारताना सिद्धान्तही हातावेगळा करण्याचा संभव असतो. रमाबाईंनी तसे केले नाही, याचे श्रेय त्यांच्या स्वतःच्या शोधाला जाते. पुढे याच 'अहंकारी' बाईंनी केडगावी मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले. काम संपते न संपते तोच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

या भाषांतरात रमाबाई स्टीफन्सच्या उलट वाटेने गेल्या. संस्कृत शास्त्रांत वाढलेल्या, 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेल्या या बाईंनी जडजंबाल संस्कृत शब्द आणि वेदान्ताचा वास असलेल्या संज्ञा टाळल्या. शब्द जुना अर्थ सोबत घेऊन येतो, हे त्यांना इतरांपेक्षा जास्त माहीत होते. शिवाय खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला वाचता यावे हा हेतू होता. त्यांच्या काटेकोरपणाची किंमतही आहे: मुळाला इतके चिकटून राहिल्याने वाक्ये जागोजागी खडबडीत होतात, मोठ्याने वाचताना अडखळायला होते. तरी हे सोवळे नव्हे. सोवळे खालच्यांना दूर ठेवते. ही भाषा त्यांच्यासाठी दार उघडते. स्टीफन्स जुना शब्द घेऊन त्यात नवा अर्थ भरतात, रमाबाई जुना शब्दच बाजूला ठेवतात. दोघांची पथ्ये वेगळी, प्रकृती एकच.

मग येतात नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९०४ मध्ये दीक्षित पाळक. अभंग, ओवी, कीर्तन हे सारे त्यांनी चर्चच्या आत आणले. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीता'तून त्यांची पदे वगळली तर ते पुस्तक अर्धपोटी राहील. टिळकांचे उत्तम अभंग ते आहेत जिथे ते येशूशी एकांतात बोलतात; तिथे तुकोबांची जवळीक येते आणि बोलणे मात्र ख्रिस्ताशीच राहते. जिथे सिद्धान्त नुसता पद्यात बसवला आहे, तिथे ते थकलेले वाटतात. म्हणजे संस्कृती जिथे खोल उतरली, तिथेच त्यांची शिकवणही अधिक जिवंत आहे.

पण टिळकांचा प्रवास अभंगापाशी थांबला नाही. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशन सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा करायचे ठरवले. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र बसणार होते. १९१९ मध्ये ते गेले आणि प्रयोग अर्धवट राहिला. या टप्प्यावर टिळकांचे चाहते घाई करतात: मिशनरी कोत्या मनाचे होते, विषय संपला. विषय संपत नाही. अभंग म्हणजे रूप, बाप्तिस्मा म्हणजे येशूची आज्ञा. दोन्ही एकाच मापाने मोजता येत नाहीत. बाप्तिस्मा ऐच्छिक झाला तर मंडळी म्हणजे काय, हा प्रश्न विचारणाऱ्याला परकीयांचा हस्तक म्हणणे अन्यायाचे होईल. दुसरीकडे, बाप्तिस्मा म्हणजे घर, गाव आणि नाव तोडून मिशनच्या कंपाउंडात राहायला जाणे, असे जे होऊन बसले होते, ते येशूच्या आज्ञेत कुठेच नव्हते. टिळकांनी चुकीच्या जागी उपाय केला असेल, पण रोग त्यांनी बरोबर ओळखला होता.

तो रोग सगळ्यांत स्वच्छ दिसतो लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. पण त्यांचे खरे ईश्वरशास्त्र या आत्मचरित्रात आहे, आणि ते पाण्याच्या भांड्याभोवती फिरते. नवरा ख्रिस्ती झाला तरी त्या सोवळे पाळत राहिल्या: वेगळे पाणी, वेगळी चूल. मग एक दिवस विचार करता करता त्यांना उमगले, की माणूस देवाने केला, जाती माणसांनी. त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. हे सारे बाप्तिस्म्याच्या आधी घडले. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. गलतीकरांच्या पत्रात यहुदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र हा भेद उरत नाही असे सांगितले आहे. ती शिकवण लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात कोणत्याही मतांगीकाराआधी पोचली.

आणि मंडळीत? मराठवाड्यातले उदाहरण घ्यायचे तर जालन्याचे. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मणाने जालन्याजवळ निजामाच्या राज्यात बेथेल हे गाव वसवले, ते मुख्यतः मांग समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी. सुशिक्षणाचा हा एक ठोस पुरावा. पण मराठी मंडळ्यांमध्ये लग्ने जमवताना पूर्वीची जात विचारली जाते, हेही आपण जाणतो. जग मंडळीत शिरल्याचा याहून मोठा पुरावा कोणता? तरी टाळ-मृदंगाला 'हे हिंदू आहे' म्हणून अडवणारे किती, आणि सोयरिकीतल्या जातीला 'हे अख्रिस्ती आहे' म्हणून अडवणारे किती, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मंडळीत मांडून पाहावा.

शंका दुसऱ्या बाजूनेही येते. 'सुबोध बायबल' लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा एका धर्मगुरूला हा मान कसा, असा विरोध झाला. बाहेर असे वातावरण असले की आतले लोक कुंपण उंच करतात. कुंपण उंच झाले की बाहेरच्यांचा संशय वाढतो.

आज या कुंपणाच्या आत काय येते आहे? कीबोर्ड आणि ड्रमवर इंग्रजी-हिंदी स्तुतिगीतांची मराठी रूपे येतात. त्यांना कोणी परके म्हणत नाही. त्यात बिघडले काहीच नाही, गिटारही पचू शकते. चिंता वाटावी अशी गोष्ट दुसरी आहे: विश्वास ठेवा, दान द्या, घर होईल, व्हिसा मिळेल, धंदा वाढेल, ही शिकवण. तिच्यात एकही हिंदू शब्द नाही. आशीर्वाद, अभिषेक, वचन, सगळे शब्द थेट बायबलचे. आत अर्थ मात्र बाजाराचा. स्टीफन्सनी परका शब्द घेऊन त्यात सुवार्ता भरली. इथे सुवार्तेचे शब्द घेऊन त्यांत परका माल भरला जातो. सोवळ्याच्या चाचणीत हा उपदेश सहज उत्तीर्ण होतो, कारण ती चाचणी वरचा स्पर्श तपासते. क्रूस उचलून मागे येण्याचे बोलणे त्यातून नाहीसे झाले आहे, हे तिला कळत नाही.

म्हणून मंडळीने चौकशी करायची तर ती चालीची, ओवीची किंवा कपड्यांची करून भागणार नाही. उपदेश ऐकून घरी गेलेला माणूस कोणाच्या हातचे पाणी पितो, लेकीसाठी कोणते स्थळ नाकारतो आणि देवाकडे काय मागतो, हे पाहावे लागेल. स्टीफन्स, रमाबाई, टिळक आणि लक्ष्मीबाई यांची पुस्तके उपलब्ध आहेत. दर रविवारी सुशिक्षणाचा उच्चार करणाऱ्यांनी ती आधी वाचावीत.