पत्रकात नसलेले वाक्य

दाभोळच्या धक्क्यावर आम्ही धोपाव्याच्या फेरीबोटीची वाट पाहत होतो. तेव्हा एका शिक्षकमित्रांनी खिशातून घडी घातलेले एक पत्रक काढून माझ्या हाती दिले. "यातलं खरं किती ते सांगा. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हे वाचून इंजेक्शनं सुरू केली आहेत," ते म्हणाले. हा तरुण मासेमारीच्या होडीवर काम करतो. लग्नाला तीन वर्षे झाली, मूल नाही. पत्रक कोणी छापले हे येथे महत्त्वाचे नाही. आपण परीक्षण करू ते मजकुराचे.

पत्रकाचा पहिला दावा असा : थकवा, चिडचिड, कामेच्छा कमी होणे म्हणजे टेस्टोस्टेरॉनची कमतरता. येथे अर्धे सत्य पूर्ण म्हणून विकले आहे. ही लक्षणे त्या कमतरतेत दिसतात हे खरे. पण ती रक्तक्षय, मधुमेह, थायरॉइडचे विकार, नैराश्य आणि अपुरी झोप यांतही दिसतात. रात्र-रात्र समुद्रावर जागणारा माणूस थकणारच! निदानासाठी लक्षणांच्या जोडीला दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी केलेली रक्ततपासणी लागते. सकाळीच, कारण या संप्रेरकाची पातळी तेव्हा सर्वाधिक असते. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली डेसिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅम ही मर्यादा सुचवली. पातळी त्याखाली असली तरी दोष वृषणात आहे की पीयूषिका ग्रंथीत, हे पुढे शोधावे लागते. पत्रकात यातले काहीच नाही.

दुसरा दावा : 'नैसर्गिक, म्हणून निर्धोक'. टेस्टोस्टेरॉन शरीरातच बनते, हे मान्य. १९३५ साली लाकर यांच्या गटाने बैलांच्या सुमारे १०० किलो वृषणांतून ते जेमतेम १० मिलिग्रॅम मिळवले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत बनवले. ज्यांचे वृषण काढावे लागले आहेत किंवा ज्यांना क्लाइनफेल्टर विकार आहे, अशा रुग्णांना हे औषध वरदान आहे. आमची टीका औषधावर नाही.

पण प्रत्येक प्रकाराबरोबर रुग्णाला काही सांगावे लागते. दोन-तीन आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनात पातळी आधी चढते, मग उतरते आणि मनःस्थितीही तशीच हेलकावते. अनडेकॅनोएटचे इंजेक्शन सुरुवातीच्या मात्रांनंतर दहा ते चौदा आठवड्यांनी घेतात. जेल रोज त्वचेवर लावायचे असते. ते लावलेली जागा झाकली नाही, तर घरातल्या लहान मुलांच्या अंगाला औषध लागू शकते. कोणत्याही प्रकारात तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होऊ शकते. त्यांचे प्रमाण रक्ताच्या ५४ टक्क्यांवर गेले की उपचार थांबवतात. प्रोस्टेटवरही लक्ष ठेवावे लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'ट्रॅव्हर्स' या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेले पाच हजारांवर पुरुष होते. त्यात हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, ही दिलाशाची बाब. पण हृदयाच्या लयीतील बिघाड आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे, हे मात्र औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले.

आता पत्रकातला सर्वांत मोठा दोष. तो लिहिलेल्या वाक्यात नाही, न लिहिलेल्या वाक्यात आहे. मूल हवे असणाऱ्याने टेस्टोस्टेरॉन घेऊ नये, हे ते वाक्य.

वर्गात हे असे समजावता येईल. विहिरीवरचा पंप गच्चीवरची टाकी भरली की आपोआप बंद होतो. वाटेत त्याच नळावर एका पोफळीचे आळे भिजते. आता कोणी बाहेरून बादल्या आणून टाकीत ओतल्या, तर टाकी भरलेली दिसेल, पंप बंद राहील आणि आळे सुकेल. रक्तातील टेस्टोस्टेरॉन ही टाकी, पीयूषिका ग्रंथी हा पंपाचा खटका आणि शुक्राणूंची निर्मिती हे आळे. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्ताच्या कित्येक पट असावी लागते. बाहेरच्या इंजेक्शनाने रक्तातली पातळी वाढते, वृषणातली घटते.

याचा पुरावा मोठा आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जागतिक आरोग्य संघटनेने २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉन दिले, ते गर्भनिरोधक म्हणून! त्यांतील १५७ जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. म्हणजे मूल व्हावे म्हणून आपला तरुण जे घेत होता, ते शास्त्रज्ञांनी मूल होऊ नये म्हणून तपासलेले औषध होते.

याच दापोली तालुक्यातल्या मुरूडच्या कर्वे घराण्यातील रघुनाथराव १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते आडपडदा न ठेवता उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी घातली. पण कायदा पत्रक रोखू शकतो, प्रश्न नाही. मोकळे उत्तर मिळाले नाही की माणूस पत्रकाकडेच जातो.

मी डॉक्टर नव्हे. मित्रांना इतकेच सांगितले की, त्या मुलाला पत्नीसह तज्ज्ञाकडे न्या. वीर्यतपासणी करा आणि इंजेक्शनांची गोष्ट लपवू नका. औषध थांबवल्यावर बहुतेकांची शुक्राणूनिर्मिती सहा महिने ते वर्षभरात परत येते, काहींना दोन वर्षेही लागतात. मूल हवे असणाऱ्यांसाठी वृषणाला उत्तेजन देणारी वेगळी औषधेही आहेत.

संप्रेरकांचा धडा शिकवताना एक प्रश्न फळ्यावर जरूर लिहा : बाहेरून संप्रेरक दिले, तर ग्रंथी काय करील? ज्या विद्यार्थ्याला याचे उत्तर देता येईल, तो असे पत्रक वाचताना त्यात नसलेले वाक्यही वाचू शकेल.