जिवतीला मिस मार्पल परवडेल?

रिचर्ड ऑस्मनच्या ‘द थर्सडे मर्डर क्लब’वरचा चित्रपट 2025 मध्ये आला आणि आपल्याकडची जुनी हळहळ पुन्हा सुरू झाली: मराठीत अशी उबदार रहस्यकथा का नाही? टुमदार वसाहत, चार निवृत्त मंडळी, केक आणि मध्येच एक प्रेत. हेलन मिरेन, बेन किंग्जले यांना बघायला मजा येते, वाद नाही. राग येतो तो पुढच्या सूचनेचा. केकच्या जागी चकली ठेवा, केंटच्या जागी कोथरूड, की झाली म्हणे मराठी रहस्यकथा!

अर्नाळकरांचा झुंजार, नाईकांचा गोलंदाज, शिरवळकरांचा दारा बुलंद हे सगळे धावणारे गडी. त्यांच्या वेगावर आपण वाढलो, पुरे. ज्याच्यावर घरोघरी जीव जडला असा आपला हौशी शोधक एकच, फास्टर फेणे, आणि तो शाळकरी पोर. दाराच्या उंबऱ्यावर बसून माणसं वाचणारी म्हातारी आपण कथेत आणली ती बहुधा खाष्ट सासू म्हणून.

ख्रिस्तीची मिस मार्पल 1930 च्या ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज’पासून कादंबरीत वावरते. तिची रीत ठाऊकच आहे: हा खुनी आमच्या गावातल्या अमक्यासारखा वागतो, म्हणून संशय. भिंग नाही, पिस्तूल नाही, गावाची आठवण हेच हत्यार. पण त्यामागे एक चैन आहे. तिला सगळं कळतं म्हणून सेंट मेरी मीडमध्ये तिच्या जिवावर कुणी उठत नाही.

आता ही बाई चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीला आणून बसवा. माणिकगडच्या डोंगरावरचा तालुका. कोलाम, गोंड, बंजारा, मराठवाड्यातून येऊन वसलेली कुटुंबं. चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचा दावा, घरात दोन राज्यांची रेशनकार्डं. प्रेत सापडलं तर पंचनामा कुणी करायचा, हा पहिल्याच प्रकरणाचा पेच. जमिनीचे पट्टे अडकलेले. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत तर गावातल्या ज्येष्ठांचं लेखी नोंदवलेलं निवेदन पुरावा म्हणून चालतं. म्हणजे कोण कधी आलं, कुणी कुठलं रान कसलं, हे जिला आठवतं त्या आजीच्या तोंडात एकरांचे एकर आहेत. खुनाला याहून सरळ कारण कोणतं हवं? हा ऐवज सोडून आमचे लेखक मृत्युपत्रं आणि विषारी चहा उसने आणतात.

आणि याच तालुक्यात, वणी खुर्दला, ऑगस्ट 2021 मध्ये भानामतीच्या संशयावरून वृद्धांसह सात जणांना भर चौकात खांबाला बांधून मारहाण झाली. दाभोलकरांच्या खुनानंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याला तेव्हा जवळपास आठ वर्षं होत होती. जास्त काही जाणणाऱ्या म्हातारीकडे गाव कसं बघू शकतं, ते इथे दिसतं.

म्हणून म्हणतो, उबदार रहस्यकथा हा चहाबिस्किटांचा मामला नाही. मृत्यूला कारण असतं, ते माणसाच्या हातचं असतं आणि विचारून-ताडून सापडतं, एवढंच तर ती दोनशे पानं सांगते. जिथे पोर दगावलं की देवऋषी नाव काढून देतो, तिथे हे सांगणं म्हणजे उघड भांडण आहे. देवऋषीने जिच्याकडे बोट दाखवलं त्याच आजीने खरा गुन्हेगार दाखवायचा. संशयित आणि शोधक एकच. ख्रिस्तीला असं कथानक तिच्या गावाने दिलंच नसतं.

यावर ‘वाचकांना विरंगुळा हवा, प्रबोधन नको’ हे उत्तर ठरलेलं. पण चौकशी करणाऱ्या बाईचा जीव धोक्यात असणं यात विरंगुळा कमी कुठे होतो? उत्कंठा वाढतेच. आपल्याला खुनाची भीती वाटत नाही, डोंगरावरच्या बोलीची वाटते. चार संवाद कोलामी-तेलुगू वळणाने लिहायचे तर तिकडे जाऊन बसावं लागतं.

दिवाळी अंकांच्या संपादकांनो, यंदा रहस्यकथा मागवताना एक अट घाला: शोध घेणारी आजी असेल, तर तिचा पिनकोड पुण्याचा नको.