कोल्हापूर 'दक्षिणेला' आहे, म्हणजे नक्की कुठे?

पहिल्या प्रकरणाचा इंग्रजी मसुदा गाइडकडून परत आला, तेव्हा पहिल्याच पानाच्या समासात पेन्सिलीनं एक प्रश्न लिहिलेला होता : "कोल्हापूर कर्नाटकात कधी गेलं?" माझं वाक्य होतं, 'कोल्हापूर इज लोकेटेड टू द साउथ ऑफ महाराष्ट्र.' डोक्यात मराठी वाक्य होतं, 'कोल्हापूर महाराष्ट्राच्या दक्षिणेला आहे.' ते बरोबरच होतं. मी शब्दाला शब्द लावला आणि अख्खा जिल्हा राज्याबाहेर गेला.

माझं संशोधन स्थळवर्णनांच्या भाषेवर आहे, त्यामुळे ही चूक जरा जास्तच लागली. पण ती होते कशी, हे बघण्यासारखं आहे. 'महाराष्ट्राच्या दक्षिणेला कोल्हापूर आहे' आणि 'महाराष्ट्राच्या दक्षिणेला कर्नाटक आहे' ही दोन्ही वाक्यं मराठीत चालतात. पहिल्यात जागा राज्याच्या आत आहे, दुसऱ्यात बाहेर. '-ला' हा प्रत्यय त्याबद्दल काहीच सांगत नाही. आत की बाहेर, हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतं असं आपण धरून चालतो. इंग्रजीत ही सोय नाही. आत असेल तर 'इन द साउथ ऑफ', बाहेर असेल तर 'टू द साउथ ऑफ' किंवा नुसतं 'साउथ ऑफ'. लिहिणाऱ्याला आधी ठरवावंच लागतं.

शाळेत यासाठी एक नियम पाठ करून घेतात : आत असेल तर 'इन', सीमा लागून असेल तर 'ऑन', लांब असेल तर 'टू'. यातला पहिला भाग उपयोगी आहे. उरलेला मात्र इंग्रजी वाचायला लागलं की टिकत नाही. गोव्याची सीमा महाराष्ट्राला लागून आहे, तरी 'गोवा लाइज टू द साउथ ऑफ महाराष्ट्र' यात काहीच खटकत नाही.

दुसरा नियम रेन अँड मार्टिनच्या व्याकरणातून आपल्याकडे आला आणि पक्का बसला : देश आणि मोठ्या शहरांसाठी 'इन', लहान गावांसाठी 'अ‍ॅट'. माझा खरा आक्षेप या नियमावर आहे. 'द ट्रेन स्टॉप्स अ‍ॅट नागपूर' हे बिनचूक इंग्रजी आहे, आणि नागपूर काही खेडं नव्हे. उलट मोरगावात राहणारा माणूस 'आय लिव्ह इन मोरगाव' असंच म्हणेल. मग गावाचा आकार गेला कुठे?

अ‍ॅनेट हर्सकोविट्स यांचं 'लँग्वेज अँड स्पेशल कॉग्निशन' (१९८६) हे पुस्तक इथे कामाला येतं. त्यांची मांडणी थोडक्यात अशी : 'अ‍ॅट' वापरताना आपण जागेकडे एक बिंदू म्हणून बघतो, 'इन' वापरताना काहीतरी सामावून घेणारी जागा म्हणून, आणि 'ऑन' वापरताना रेषा किंवा पृष्ठभाग म्हणून. म्हणजे प्रश्न गाव केवढं आहे हा नसून, या वाक्यापुरतं तुम्ही ते कसं बघताय हा आहे. गाडीच्या मार्गावर नागपूर हा एक ठिपका असतो, आणि मोरगावात राहणाऱ्याच्या भोवती अख्खं मोरगाव असतं. 'ऑन'चंही कोडं इथेच सुटतं. 'पंढरपूर इज ऑन द भीमा' यात गाव पाण्यावर तरंगत नाही. नदी ही रेषा, आणि गाव त्या रेषेला लागून. किनारा, सीमा, महामार्ग या सगळ्या रेषाच, म्हणून सगळीकडे 'ऑन'. शाळेतल्या नियमापेक्षा हे स्पष्टीकरण कितीतरी पुढचं आहे.

पण माझं समाधान इथेही पूर्ण होत नाही. हर्सकोविट्स यांची बरीच उदाहरणं घरातल्या, हाताशी असलेल्या वस्तूंच्या मापाची आहेत. तिथे बघणारा आणि वस्तू समोरासमोर असतात. गावाचं तसं नसतं. अख्खं गाव आणि अख्खं राज्य कुणी एका नजरेत बघत नाही. मराठीनं यासाठी वेगळी युक्ती काढली आहे : आपण प्रवाशाच्या पायानं सांगतो. पुण्याहून नाशिकला निघालात की आधी चाकण लागतं, मग राजगुरुनगर, मग मंचर, मग नारायणगाव येतं. माणूस गाडीत बसून आहे आणि गावं येतायत! हे 'लागतं' मी इंग्रजीत 'इज लोकेटेड' असं केलं की रस्ता जातो, प्रवासी जातो, उरतो नकाशावरचा ठिपका. नदीच्या काठांचंही तेच. ऐलतीर कुठलं आणि पैलतीर कुठलं, हे बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. इंग्रजीतला 'लेफ्ट बँक' प्रवाहाच्या दिशेनं तोंड करून ठरतो, म्हणून नाशिकची पंचवटी कुणीही कुठूनही पाहिली तरी गोदावरीच्या डाव्याच तीरावर राहते.

इंग्रजी वर्णन जास्त अचूक आहे असा याचा अर्थ नाही. ते वेगळ्या गोष्टींबद्दल अचूक आहे, आणि किंमत तिथेच मोजावी लागते. सीमाभागावर लिहिताना हे फार जाणवतं. निपाणी आज कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात आहे आणि महाराष्ट्राचा तिच्यावर दावा आहे. 'महाराष्ट्राच्या दक्षिणेला निपाणी आहे' या मराठी वाक्यात दोन्ही बाजूंना जागा मिळते. इंग्रजीत 'इन' लिहिलं तर मी दावा मान्य केला, 'टू' लिहिलं तर आजची सीमा मान्य केली. एवढासा शब्द, पण त्यावर सही माझी असते.

म्हणून आता मी नियम आठवत बसत नाही. वाक्य लिहिण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारते : गाव आत आहे की बाहेर? मी त्याला ठिपका म्हणून बघतेय, रेषेवर बघतेय, की आत शिरून? आणि बघणारी मी कुठे उभी आहे? कोल्हापूरचं वाक्य दुरुस्त झालं, तिथे आता 'इन' आहे. निपाणीच्या वाक्यात मात्र एक शब्द पुरला नाही. तिथे सरळ दोन वाक्यं लिहिली : एक प्रशासनाचं, एक वादाचं.