श्रद्धा, अश्रद्धा आणि शील

ईश्वर मानल्याशिवाय माणूस नीतीने वागेल कसा, असा प्रश्न बौद्ध उपासकांना वारंवार विचारला जातो. समर्थ रामदासांचे जांब आणि राजूरचा गणपती ज्या जालना जिल्ह्यात आहेत, तेथे तो आग्रहाने विचारला जाणे स्वाभाविक आहे. आपले उत्तरही ठरलेले असते: देव मानणाऱ्यांनीच आमच्यावर अन्याय केला. हे उत्तर खोटे नाही. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाल्यावर मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटविणाऱ्यांना त्यांच्या देवांनी अडविले नाही. तथापि आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे. श्रद्धेमुळे नीती येतेच असे नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. श्रद्धा टाकल्याने ती येते, हे सिद्ध होत नाही.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथाच्या चतुर्थ खंडात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्म व धम्म यांतील भेद मांडला. धर्मात नीती बाहेरून जोडलेली असते, धम्मात नीती हाच गाभा असतो, हे विवेचन सर्वपरिचित आहे. त्यापुढील विवेचनाकडे मात्र दुर्लक्ष होते. नुसती नीती पुरेशी नाही. ती पवित्र व सार्वत्रिक असली पाहिजे, असे बाबासाहेब तेथे बजावतात. नीती चोरांच्या टोळीतही असते, जातीतही असते. पण ती आपल्यापुरती असते. बलिष्ठ तोच श्रेष्ठ असे नाही. दुर्बलास संरक्षण मिळाले तर तोही श्रेष्ठत्वास पोहोचेल, म्हणून नीतीला पावित्र्य हवे. तेव्हा माणूस देव मानतो की नाही, यापेक्षा त्याची नीती स्वतःच्या गटाच्या वेशीपाशी थांबते काय, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

बावीस प्रतिज्ञांची रचना हेच सांगते. आरंभी देवदेवता, अवतारकल्पना व श्राद्ध यांचा नकार आहे; नवव्या-दहाव्या प्रतिज्ञेत समता येते आणि चौदाव्यापासून सतराव्यापर्यंत चोरी, असत्य, व्यभिचार व मद्यपान यांपासून विरती. नकाराने भूमी साफ होते, पेरणी पुढेच असते. देव्हारा काढून टाकणारा उपासक मुलाच्या लग्नात हुंडा घेत असेल, किंवा पोटजात पाहून सोयरीक ठरवीत असेल, तर त्याच्या निरीश्वरवादाचा वधूपित्यास काय उपयोग?

कालामसुत्तात तथागतांनी हा वाद वेगळ्याच पातळीवर नेला आहे. परलोक असेल तर निर्वैर चित्ताच्या माणसाचे भलेच होईल. नसेल तरीही तो याच जीवनात सुखाने राहील. शीलाला परलोकाचा जामीन लागत नाही.

जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूतच्या स्तूपलेखांत तेथील दात्यांचा उल्लेख आहे. त्या त्रोटक लेखांत नाव, गाव आणि दान एवढेच येते. श्रद्धेचे विवरण नाही. त्या उपासकांची ओळख आज त्यांच्या कृतीवरूनच पटते. आपल्या विहारांतही पंचशील ग्रहणानंतर त्यातील एकेका शीलाच्या पालनाविषयी मोकळी चर्चा व्हावी, असे आम्हास वाटते. तिचा आरंभ हुंड्यापासून व मद्यपानापासून करावा. कारण त्याची झळ प्रथम घरातील स्त्रीला लागते.