सवतीचा टाक

तांब्याची कसोटी पाण्यानें लागते, पाटाची बैठकीनें. परंतु जी घरगुती वस्तु एकाच घराच्या मनांतील सलासाठीं मुद्दाम घडवून घेतली जाते, तिची परीक्षा कोणत्या मापानें करावी? कर्जतला एका परिचितांचा देव्हारा पाहतांना हा प्रश्न आम्हांस पडला.

देव्हारा नेहमींचाच. राशीन त्याच तालुक्यांत, तेव्हां देवीचा टाक होता. शेजारीं घोड्यावर खंडोबा. आणि एका कडेला कुंकवानें माखलेला, बाईची आकृति उठविलेला चांदीचा लहानसा पत्रा. तो देव नव्हे. घरच्या आजींच्या गळ्यांत तो कैक वर्षें होता. त्यांच्या आधीं त्या घरांत नांदून, पहिल्याच बाळंतपणांत वारलेल्या सवतीचा तो टाक.

दुसरेपणावर दिलेल्या मुलीनें मृत सवतीची प्रतिमा सोन्याचांदीवर उमटवून गळ्यांत घालावी, तिची पूजा करावी, ही चाल महाराष्ट्रांत पुष्कळ घरांतून होती. पातळ पत्रा ठशावर ठोकून सोनार आकृति उठवितो. ठसा सर्वांना एकच, त्यामुळें नाकडोळे कोणाचेच नसतात. कलावंत याला उणेपण म्हणेल. आम्हांस त्यांतच शहाणपण दिसतें. हुबेहूब चेहरा अहोरात्र छातीशीं कोणाला सोसवला असता? भिंतीवरील हार घातलेल्या फोटोशीं नवी सून मनांतल्या मनांत ताडून पाहिली जाते. टाकाशीं कोण ताडणार?

मात्र एवढ्यानें आमचें समाधान झालें नाहीं. शोकाचे दागिने युरोपांतहि होते. १८६१ सालीं आल्बर्ट वारल्यावर व्हिक्टोरिया राणीनें त्याचे केंस घातलेलें लॉकेट वापरलें. पण तें तिचें दुःख होतें आणि तिच्याच गळ्यांत होतें. येथें पुन्हां संसार मांडल्याची टोचणी पुरुषाची, पहिलीच्या कोपाची धास्ती साऱ्या घराची, आणि भार मात्र जिनें तिला कधीं पाहिलेंहि नाहीं त्या पोरीवर! ज्यानें दोघींशीं संसार केला, त्याच्या अंगावर गुंजभरहि चांदी नाहीं. वस्तूची घडण निर्दोष असूनहि ती भलत्याच्या गळ्यांत पडली, असा आमचा अभिप्राय तेथेंच ठरला होता.

तो आम्हीं आजींपुढें बोलून दाखविला नाहीं. भीति वाटली का, एवढेंच विचारलें.

“भ्याले की, पहिलं वरीसभर. पुढं त्या घरात माझ्या बाजूची तीच एक व्हती. सासूचं गाऱ्हाणं दुसऱ्या कुणाला सांगू?”

हा उपयोग टाक करावयास सांगणाऱ्या यजमानांच्या ध्यानींमनींहि नसेल. सोनाराच्या तर नाहींच. गळ्यांतला टाक देव्हाऱ्यांत कां गेला, हें आम्हीं विचारलें. दोरा तुटला म्हणून, असें त्या म्हणाल्या. काळा गोंडा लावलेला नवा दोरा ओवून तयार होता. गांठ तेवढी मारावयाची राहिली होती.