कर्ता कोण?

दिवाळी अंकातील टीकालेखाने एखादी कादंबरी अथवा काव्यसंग्रह विचारार्थ घ्यावा, असा संकेत आहे. मी येथे एक सूचना घेतो. ती घरोघरी वाचली जाते. परंतु तिची भाषा सहसा कोणी तपासत नाही.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली आणलेल्या ‘विंडोज १०’ या प्रणालीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. सूचनेचा आशय थोडक्यात असा : आपला संगणक चालत राहील, मात्र सुरक्षेच्या सुधारणा यापुढे मिळणार नाहीत. पहिल्या वाक्याने धीर द्यावा आणि दुसऱ्याने तो काढून घ्यावा, ही रचना मोठी चतुर आहे. शाळेत वाक्याचा प्रयोग ओळखताना आम्ही मुलांना प्रथम कर्ता शोधायला सांगतो. येथे कर्ता कोण? सपोर्ट! पावसाळा संपावा तसा तो आपोआप ‘संपतो’. व्याकरण निर्दोष आहे; लबाडी आहे ती अर्थामध्ये.

यावर उपाय म्हणून ‘विंडोज ११’ पुढे केली जाते. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसरही नवा हवा. इंटेलचे २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत. म्हणजे ज्याचा पडदा स्वच्छ आहे, ज्याच्या कळफलकावरचे एक अक्षरही पुसलेले नाही, असा संगणक केवळ यादीमुळे म्हातारा ठरतो. त्याच यंत्रावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली घातली, तर तो पुन्हा कामाला लागतो.

न्यायाने बोलायचे, तर दहा वर्षे हा काळ थोडा नव्हे. चोरांना नव्या वाटा सापडतात आणि प्रणालीची भोके बुजवत राहणे खर्चाचे काम आहे. परंतु मुदतीनंतरही याच कंपनीने घरगुती ग्राहकांसाठी आणखी वर्षभराच्या सुधारणांची योजना ठेवली : कोणाला पैसे घेऊन, कोणाला खाते जोडण्याच्या अटीवर. संस्थांना तर दाम मोजून तीन वर्षांपर्यंत सवलत. याचा अर्थ, ठिगळे शिवली जातच आहेत. ती कोणाला द्यायची, एवढेच ठरायचे आहे. मग ‘संपला’ हे क्रियापद खरे कसे मानावे?

ज्या घरात एकच संगणक आहे आणि त्यावरच दोन मुलांचा अभ्यास चालतो, तेथे या क्रियापदाची किंमत रुपयांत मोजावी लागते. औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते. तशी ती संगणकाच्या खोक्यावर, विकतानाच, ठळक अक्षरांत छापावी. तोवर या सूचनेखाली मी तांबड्या शाईने एकच शेरा मारीन : कर्ता लिहा.